गाळाची झाकली मूठ

पूर ओसरून चार-पाच दिवस झाले की नदीच्या आतल्या वळणावर गाळाची साय धरते. वरून ऊन लागून तिला भेगा पडू लागलेल्या असतात, खाली ओल शाबूत असते. मी गेली कित्येक वर्षं ही साय गोळा करते, तिच्यात कोणते धातू किती आहेत ते तपासायला. प्लास्टिकच्या पळीने वरचा पातळ थर अलगद उचलायचा, खालची वाळू त्यात येऊ द्यायची नाही, पिशवीवर जागा आणि तारीख घालायची. उचलण्याआधी एक चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरून चोळते. वाळू करकरते, पोयटा पिठासारखा लागतो, चिकणमाती ओल्या साबणासारखी निसटते. मला हवी असते ती ही निसटणारी.

कारण धातू बसतात ते तिच्यावर. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन एकेका मायक्रॉनच्या घनांत कापला तर पृष्ठभाग भरतो सहा चौरस मीटर. माती तेवढीच, चिकटायला जागा दहा हजारपट. म्हणून गाळ तपासणारे बरेचदा ६३ मायक्रॉनच्या चाळणीखाली पडेल तेवढाच भाग घेतात. नाहीतर एका ठिकाणी वाळू जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी चिकण जास्त एवढ्याच कारणाने आकडे वरखाली होतात, आणि आपण उगाच त्यात कारखाने शोधत बसतो.

त्या चाळणीनेच मला या विषयातला पहिला धडा दिला. सुरुवातीच्या एका हंगामात माझ्या सगळ्या नमुन्यांत तांबं आणि जस्त दोन्ही जास्त आले. शेतांखालच्या नमुन्यांत आले, वस्तीखालच्या नमुन्यांत आले, इथवर पटण्यासारखं होतं. पण वर जंगलात, जिथे नदी म्हणजे नुसती ओहोळ असते, तिथल्या नमुन्यांतही आले, आणि दोघांचं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखं. तीन आठवडे मी आम्लं तपासली, बाटल्या बदलल्या, यंत्र पुन्हा पुन्हा प्रमाणित केलं. मग एका दुपारी चाळणी धुताना तिची कड आणि जाळी नीट पाहिली. पितळ होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओल्या गाळाने घासून घासून ती जाळी कणाकणाने माझ्या नमुन्यांत उतरत होती. सगळा हंगाम टाकून दिला आणि नायलॉनची जाळी आणली. मला लागून राहिलं ते हे, की त्यातला एक आकडा मी आधीच एका गावातल्या लोकांना सांगून बसले होते. परत जाऊन तो मागे घेतला. त्यांनी ऐकून घेतलं, पण पहिला आकडाच लोकांच्या लक्षात राहतो.

पुढे कळलं की ही वाट जुनी आहे. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५० च्या दशकात उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं. त्याआधी त्यांना प्रयोगशाळेतल्या शिशाशी झगडावं लागलं होतं. धूळ, काचेची भांडी, रसायनं, सगळीकडून शिसं नमुन्यात शिरत होतं. ते बाहेर ठेवता ठेवताच त्यांच्या लक्षात आलं की माणसाने हे शिसं किती दूरवर पसरवलंय.

इतक्या थोड्याची ही गोष्ट आहे. पृथ्वीच्या खंडीय कवचाच्या वरच्या थरात किलोमागे सरासरी ६७ मिलिग्रॅम जस्त, २८ मिलिग्रॅम तांबं, १७ मिलिग्रॅम शिसं असतं. कॅडमियम तर ०.०९ मिलिग्रॅम. किलोमागे साधारण हजार मिलिग्रॅमच्या खाली जे काही येतं त्याला सूक्ष्म मूलद्रव्यं म्हणायची पद्धत आहे. शेतीच्या पुस्तकात यांतल्याच काहींना सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणतात, प्रदूषणाच्या अहवालात जड धातू. जस्त दोन्हीकडे हजर असतं. एकीकडे ते कमी पडतं म्हणून काळजी, दुसरीकडे जास्त झालं म्हणून. नाव बदललं की आपली नजरही बदलते, हे मला या कामात फार जाणवतं.

उष्ण कटिबंधातल्या खोऱ्यांची बात आणखी निराळी आहे. तिथे खडक कुजतो. हा शब्द मी जाणून वापरतेय. वर्षानुवर्षं उष्ण, आम्लयुक्त पाणी झिरपत राहतं आणि खडकातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. सिलिकाही बऱ्याच अंशी जाते. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं आणि त्यांना बिलगून राहिलेले धातू. कुजलेला थर काही ठिकाणी कित्येक मीटर खोल जातो. ईस्ट इंडिया कंपनीसाठी सर्वेक्षण करणाऱ्या फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात अंगाडिपुरमजवळ असा दगड पाहिला. ओला असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा, उघड्यावर ठेवला की विटेसारखा घट्ट होणारा. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तान्तात त्यांनी त्याला लॅटराइट म्हटलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. आपण त्याला जांभा म्हणतो. जांभ्याचा तुकडा फोडून भिंगाखाली धरला की आत पिवळ्या, तांबड्या, काळपट रेघांची नक्षी दिसते. पिवळा तो गोएथाइट, तांबडा हेमॅटाइट, दोन्ही लोहाचे गंजच; काळपट ठिपके बहुधा मँगनीजचे. मला ते वस्तूंच्या यादीसारखं दिसतं. काळ्या ठिपक्यांत कोबाल्ट जाऊन बसलेला असतो, पिवळ्यात निकेल, आणि तांबड्या-पिवळ्या गंजाच्या कणाकणावर आर्सेनिक, व्हॅनेडियम असं काय काय धरलेलं असतं.

खडक मुळात कसला होता यावर बरंच ठरतं. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर लोह-मॅग्नेशियमने भरलेल्या खडकांवर जी तांबडी माती तयार झाली तिच्यात निकेल इतकं साचलं की तिथे खाणी उभ्या राहिल्या. त्याच मातीत एक झाड वाढतं, पिक्नॅन्ड्रा ॲक्युमिनाटा. त्याची साल कापली की निळसर हिरवा चीक येतो. तो चीक वाळवला तर वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा निकेल भरतो. इतर झाडांना त्याच्या अगदी थोड्या अंशानेही विषबाधा व्हावी. १९७६ मध्ये हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं. आपल्याला विष वाटतं त्यावर कुणीतरी घर करून राहिलेलं असतं, म्हणून त्या झाडाचं चित्र मी माझ्या टेबलाजवळ लावलंय.

इथेच मला एका पद्धतीबद्दल स्पष्ट बोलायचंय. गाळ किती दूषित आहे हे सांगायला एक निर्देशांक सर्रास वापरतात. जर्मनीत म्यूलर यांनी तो १९६९ मध्ये मांडला. मोजलेला आकडा घ्यायचा, मूळ नैसर्गिक पातळीच्या दीडपटीने भागायचा, आणि दोन पायाचा लॉगरिदम काढायचा. सूत्र चांगलं आहे, दीडपट घेण्यामागे नैसर्गिक चढउतारांना जागा देण्याचा विचारही आहे. अडतं ते 'मूळ पातळी' या शब्दापाशी. ती शोधायला कष्ट पडतात म्हणून अनेक जण तुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेली शेलची, म्हणजे चिकणमाती दाबून झालेल्या खडकाची, जागतिक सरासरी उचलतात. तिच्यात तांबं किलोमागे ४५ मिलिग्रॅम आहे. आता बेसाल्टवरून वाहणारी नदी घ्या. दख्खनच्या बेसाल्टात किलोमागे तांबं शंभराच्या वर सहज असतं. समजा गाळात १५० आलं. ४५ ची दीडपट ६७.५, भागाकार २.२, लॉगरिदम १.१५. निकाल: 'मध्यम प्रदूषित'. पण त्याच खोऱ्यातल्या ताज्या खडकात आणि वरच्या जंगलातल्या मातीत १२० असेल, तर दीडपट १८०, भागाकार एकाच्या खाली, लॉगरिदम ऋण. निकाल: 'प्रदूषण नाही'. नदी तीच, पिशवी तीच. नकाशावर लाल रंगवलेली अशी किती खोरी केवळ आपल्या खडकामुळे लाल झाली असतील याचा विचार मनात आला की मला बेचैन व्हायला होतं. याच कारणासाठी मी प्रत्येक नदीच्या उगमाकडे जाते, पाय दुखले तरी, आणि तिथला खडक फोडून आणते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 'आमच्याकडे नैसर्गिकच जास्त आहे' हे वाक्य ढालीसारखं पुढे करता येतं. झांबियातल्या काब्वे इथे १९०२ ते १९९४ शिसं आणि जस्ताची खाण चालली. खनिज तिथे होतं म्हणूनच खाण झाली, त्या अर्थाने शिसं नैसर्गिकच. पण अंगणातल्या धुळीत आणि मुलांच्या रक्तात ते पोचलं ते खाणीच्या ढिगाऱ्यांतून. तिथे मूळ पातळीचा वाद घालत बसणं मला शोभत नाही.

तरीही, मूळ पातळी अगदी अचूक सापडली तरी अर्धंच काम होतं. किती आहे हे कळलं, पण ते कुणी धरून ठेवलंय आणि कशाने सुटेल, हे कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गाळ ही अशी झाकलेली मूठ आहे, आणि माझं उरलेलं सगळं काम ती कोणत्या कारणाने उघडते ते पाहण्याचं.

१९७९ मध्ये टेसिए आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यासाठी एक रीत दिली. एकाच नमुन्यावर एकामागून एक कडक होत जाणारी रसायनं घालायची. आधी साध्या क्षाराचं पाणी, त्याने वरवर चिकटलेलं सुटतं. मग सौम्य आम्ल, कार्बोनेटातलं सुटतं. मग लोह-मँगनीजचा गंज विरघळवणारं, मग सेंद्रिय भाग जाळणारं, आणि शेवटी खनिजांचं जाळंच फोडणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल. प्रत्येक पायरीला काय सुटलं ते मोजायचं. रसायनं कधी कधी आपल्या हद्दीपलीकडेही हात घालतात, त्यामुळे हे मोजमाप तंतोतंत नाही. पण कित्येकदा असं दिसतं की शेवटच्या पायरीपर्यंत धातू हलतच नाही. क्रोमियम बहुधा तसा. तो लाखो वर्षं दगडातच बसून राहील. कॅडमियम मात्र पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच हात सोडतो.

कमी पडण्याची गोष्टही याच मुठीची आहे. १९६० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी तराईत, उष्ण पट्ट्याच्या उंबरठ्यावर, भाताची लावणी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी डाग पडत आणि रोप खुंटत असे. पंतनगर कृषी विद्यापीठातल्या वाय. एल. नेने यांनी दाखवलं की कारण जस्ताची कमतरता आहे. जस्त सल्फेट आणि चुन्याची फवारणी केली की पीक सावरतं. नाव मात्र अजून खैरा रोग असंच आहे. अशा मातीत एकूण जस्त मोजलं तर किलोमागे पन्नास-साठ मिलिग्रॅम भरू शकतं. मुळांना मिळण्याजोगं जस्त ज्या डीटीपीए चाचणीने मोजतात, तिची आपल्याकडे रूढ मर्यादा ०.६ मिलिग्रॅम आहे. शंभरातला एक भागही हाती न लागता पीक उपाशी राहतं.

आणि बंगालच्या खोऱ्यात याच्या नेमकं उलट घडलं. हिमालयातून झिजून आलेल्या गाळात आर्सेनिक फारसं नाही, किलोमागे काही मिलिग्रॅम. जगातल्या कुठल्याही मातीत असावं तेवढंच. ते कणांवरच्या लोहाच्या गंजाला धरून खाली आलं आणि वनस्पतींच्या अवशेषांसोबत पुरलं गेलं. हवा तुटली. जिवाणूंनी आधी प्राणवायू संपवला, मग नायट्रेट, मग मँगनीज, आणि शेवटी लोहाच्या गंजावर श्वास घ्यायला लागले. गंज विरघळला, आर्सेनिक पाण्यात आलं. हिशोब करून पाहा. जमिनीखाली पाणी धरणाऱ्या वाळूच्या थरात एक लिटर पाण्याभोवती साधारण सहा किलो गाळ असतो. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर ३० मिलिग्रॅम आर्सेनिक. त्याचा फक्त शंभरावा भाग सुटला तरी लिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० आहे. तलावा-डबक्यातल्या पाण्याने हगवण आणि पटकी व्हायची, म्हणून १९७० च्या दशकात बांगलादेशात हातपंप बसवण्याचा सपाटा लागला. हेतू स्वच्छ होता. जमिनीखालचं पाणी नितळ दिसत होतं, वासही येत नव्हता. १९९३ मध्ये तिथल्या विहिरींत आर्सेनिक असल्याचं पुढे आलं आणि मग कळलं की कोट्यवधी लोक ते पीत आले आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माझे जुने तक्ते काढून बसले होते. आर्सेनिकच्या रकान्यात ४, ६, ५ असे आकडे होते आणि समोर मीच लिहिलेलं: 'चिंतेचं कारण नाही'. त्यानंतर हे वाक्य मी कधी लिहिलं नाही.

भातखाचरात तर दोन मुठी शेजारीशेजारी असतात आणि एक मिटली की दुसरी उघडते. थायलंडमध्ये माए सोतजवळ जस्ताच्या खाणपट्ट्यातून येणाऱ्या ओढ्यावर भातशेती आहे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम जस्ताच्याच जागी लपून असतो. ओढ्याच्या गढूळ पाण्यातून तो खाचरांत आला, आणि पाणी ज्या खाचरात आधी शिरतं तिथे सर्वांत जास्त साचला. गाळ पहिल्या थांब्यावरच खाली बसतो ना. खाचर पाण्याने भरलेलं असतं तेव्हा तळात हवा नसते, कॅडमियम गंधकाशी बांधला जातो आणि गप्प राहतो. कापणीआधी पाणी सोडून दिलं की हवा शिरते, गंधकाची गाठ सुटते, आणि दाणा भरण्याच्या नेमक्या दिवसांत कॅडमियम मोकळा होतो. आर्सेनिकचं बरोबर उलटं. खाचर भरलेलं असताना ते सुटतं, कोरडं झालं की गंज पुन्हा तयार होऊन त्याला पकडतो. म्हणजे आर्सेनिक टाळायचं तर पाणी काढा, कॅडमियम टाळायचं तर पाणी ठेवा. ज्या शेतात दोन्ही आहेत तिथल्या शेतकऱ्याने काय करायचं? एका सल्ल्याने दोन्ही सांभाळता येत नाहीत. आधी मातीत कोण आहे ते मोजावं लागतं, आणि ते मोजून देणं हे आमचं देणं आहे असं मी मानते.

पाऱ्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याच्यावर बरंच लिहिलं गेलंय. ॲमेझॉनच्या खोऱ्यात सोनं वेचणारे गाळात पारा मिसळतात, सोनं त्यात विरघळतं, मग पारा जाळून उडवतात. नद्यांमधला पारा सगळा त्यातूनच आलाय असं बराच काळ धरलं जात होतं. १९९० च्या दशकात तापाजोस नदीच्या खोऱ्यात माती तपासणाऱ्यांना दिसलं की तिथल्या जुन्या तांबड्या मातीनेच हजारो वर्षं हवेतून आलेला पारा साठवून ठेवलाय, आणि जंगल तोडून जाळलं की ती माती धुपून नदीत उतरते. सोनं वेचणाऱ्यांचा दोष त्याने पुसला जात नाही. पण सोन्याचा एक कणही नसलेल्या ओढ्यात पारा का येतो, ते कळतं. खोलगट, हवा नसलेल्या तळाशी जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात आणि तो मासोळीतून मोठ्या माशात आणि तिथून माणसात चढत जातो. पाऱ्याचा वापर आवरणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये मंजूर झाला, २०१७ पासून अमलात आहे. झाडं तोडण्याने सुटणारा पारा मात्र जंगल राखूनच अडवावा लागतो.

गेल्या हंगामात मी खाडीच्या तोंडाशी, खारफुटीतल्या चिखलात काम केलं. तिथे पळी चालत नाही. पारदर्शक नळी उभी दाबत न्यायची, वरचं तोंड बुचाने बंद करायचं आणि अंगाचा जोर लावून ओढायची. फसकन आवाज येतो, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि हाताएवढा काळाभोर चिखलाचा दांडा बाहेर येतो. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडाचा. वरच्या सगळ्या खोऱ्यातून जे काही वाहून आलं त्यातलं बरंचसं इथे गंधकाने बांधून ठेवलेलं असतं. अशा जमिनी निचरा करून शेतीखाली आणल्या की सल्फाइडाचं गंधकाम्ल होतं आणि मातीचा सामू (पीएच) चाराच्या खाली घसरतो. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतकऱ्यांनी ते भोगलंय.

त्या दिवशी पाच नळ्या काढल्या. भरती यायला लागली म्हणून घाईत चार बंद केल्या आणि पाचवी तशीच होडीत आडवी ठेवली. किनाऱ्याला लागेपर्यंत दोन तास गेले. दिव्याच्या उजेडात पाहिलं तर उघड्या टोकाशी, नखाच्या जाडीएवढी, काळ्याची तपकिरी झाली होती. बोट लावलं. गंज होता, ताजा. आतला चिखल तसाच काळा होता आणि दोघांमधली रेघ मी पाहत असतानाच आत सरकते आहे असं वाटत होतं. त्या टोकातलं जे काही सुटायचं ते सुटून गेलं होतं, म्हणून तो नमुना मी तपासणीत धरला नाही. आता नळी वर आली की दोन्ही तोंडं आधी बंद करते, आणि पिशवीवर तारखेच्या पुढे वेळ घालते, तासासकट मिनिटासकट.